बाराव्या कागदावरची जुळी

आमच्या कळसच्या घरात सकाळी सगळ्यात आधी ऐकू यायचं ते आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, खाकरणं. मग आईची चुलीपुढची भुणभुण, मग भाकरी थापल्याचा आवाज. मेंढरं होती तोवर या सगळ्यावर कोकरांची बें-बें चढायची आणि घरात बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागायचं. आम्हा सगळ्यांचा आवाज मोठा आहे तो त्यामुळंच. पुण्यात होस्टेलवरच्या मुली मला म्हणायच्या, "अगं हळू बोल, आम्ही बहिऱ्या नाही." आता काय सांगणार त्यांना? मी ज्या उन्हाळ्याची गोष्ट सांगतेय तेव्हा मेंढरं जाऊन दोन वर्षं झाली होती. कालव्याचं पाणी आलं, पाण्यामागं ऊस आला, तिकडं सोमेश्वरनगरपासून इकडं आमच्या शिवारापर्यंत जिकडं बघावं तिकडं ऊसच, आणि मेंढराला तोंड घालायला मोकळी जागा म्हणून उरली नाही. आबांनीही शेवटी ऊसच लावला. ऊस चांगला यायचा, घरात कशाला काही कमी नव्हतं, पण माणूस गप्प झाला. मेंढरं कोंडायची जाळी, जिला आम्ही वाघर म्हणतो, ती गुंडाळून दारात ठेवली होती. तिच्यावर बसून ते सकाळभर समोरच्या रिकाम्या जागेकडं बघत राहायचे. आई म्हणायची, "मेंढरं गेली, राखण्या राहिला." ती चेष्टेनं म्हणायची, पण म्हणून झाल्यावर तिचा हात जरा वेळ थांबायचा.

त्या मे महिन्यात मी पुण्याहून आले ती काखेत पुठ्ठ्याची लांब नळी घेऊन. माझा थोरला भाऊ दत्ता बारामतीच्या एमआयडीसीत एका दुधाच्या कारखान्यात कामाला होता. पाळी सुटल्यावर तो मला स्टँडवर घ्यायला आला आणि मोटारसायकलीवर बसायच्या आधी त्यानं नळीवर टिचकी मारली. "ह्यात काय हाय गं?" मी म्हटलं, "उजेड." "आन् खायाला काय आणलंस?" "काय न्हाय." "मग कशाला आलीस बया," म्हणाला आणि किक मारली. नळीत बारा कागद होते. एकेका कागदावर एकेका क्वेसारचा उजेड होता. क्वेसार म्हणजे काय हे आईनं विचारलं तेव्हा मी सांगितलं, लई लांबचा दिवा, इतका लांबचा की त्याचा उजेड निघाला तेव्हा आपली पृथ्वीसुद्धा झालेली नव्हती. आई म्हणाली, "मग आत्ता तो दिवा हाय का गेला?" हा प्रश्न आमच्या संस्थेत भल्याभल्यांना सुचायला वेळ लागतो. मी म्हटलं, "कुणाला ठावं."

पुण्याच्या एका संशोधन संस्थेनं मला उन्हाळ्यापुरतं घेतलं होतं. काम एवढंच, की हे बारा कागद वाचायचे, प्रत्येक क्वेसार किती लांब आहे ते ठरवायचं, आणि सुट्टीवरून परतल्यावर सोमवारी सगळ्यांपुढं उभं राहून सांगायचं. उत्तरं बरोबर निघाली तर संशोधनाची जागा मिळणार होती. चुकली तर गाठोडं बांधून परत कळस. घरात मला कुणी हाकलून लग्नाच्या बोहल्यावर चढवणार नव्हतं, तशी आमची माणसं नव्हती. पण मला ती जागा हवी होती. इतकी हवी होती की घास गिळवत नव्हता, आणि मी तर खाण्यासाठी प्रसिद्ध होते. लोकांना वाटतं, हिनं रात्ररात्र दुर्बिणीला डोळा लावून काढल्या असतील. छे! मी आकाश वाचलं ते भर दुपारी, सारवलेल्या पडवीत पालथं पडून, कागदाच्या चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवून.

प्रत्येक कागदावर एकच वेडीवाकडी रेघ होती, डावीकडून उजवीकडं गेलेली. डावं अंग निळ्या रंगाचं, उजवं तांबड्याचं. क्वेसारचा उजेड रंगारंगानं सुटा केला की कुठल्या रंगात किती उजेड आला ते ती रेघ सांगते. रेघ जिथं टेकाडासारखी वर जाते तिथं क्वेसारजवळचा तापलेला वायू स्वतःच त्या रंगात उजळलेला असतो. ती उत्सर्जन रेषा. रेघ जिथं एकदम खड्ड्यात जाते तिथं वाटेत कुठंतरी, क्वेसारच्या आणि आपल्या मध्ये, भलत्याच एखाद्या दीर्घिकेतल्या वायूनं नेमका तेवढा रंग गिळलेला असतो. ती शोषण रेषा. विश्व पसरतंय, म्हणून उजेड जितक्या लांबून निघालेला असेल तितक्या या खुणा आपल्या मूळ जागेवरून उजवीकडं, तांबड्याकडं सरकलेल्या दिसतात. किती सरकल्या ते मोजलं की अंतर कळतं. अडचण एकच, टेकाडावर नाव लिहिलेलं नसतं. एकच टेकाड थोडं सरकलेल्या मॅग्नेशियमचं असू शकतं, नाहीतर खूप सरकलेल्या कार्बनचं. वाचणाऱ्याची परीक्षा असते ती तिथं.

दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी आबा वाघरीवरून उठून पडवीत आले आणि माझ्याशेजारी उकिडवे बसले. बराच वेळ नुसते बघत होते. मग म्हणाले, "कमळे, ह्या तांबड्या पेन्सिलीच्या खुणा कशाच्या गं?"

"मॅग्नेशियमच्या, आबा. हे दोन खड्डे बगा, शेजारी शेजारी. हे कायम जोडीनंच येत्यात. डावा खोल, उजवा जरा उथळ. एक घावला आन् दुसरा न्हाय, तर ते मॅग्नेशियम न्हवं."

"म्हंजे जुळी."

"व्हय, जुळीच."

"ह्या कागदावर डाव्या अंगाला हायती, त्या कागदावर पार मधी. एका जाग्याला का न्हाईत?"

मी त्यांना विश्व पसरण्याचं सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही, वाईटच सांगितलं असणार. त्यांनी ऐकून घेतलं आणि खांद्यावरचं घोंगडं काढून दोन्ही हातांत ताणून धरलं. "म्हंजे वल्लं घोंगडं वढलं की पट्टं येकमेकापासनं लांब जात्यात, पर त्यांचा मेळ मोडत न्हाय. तसं?" मी म्हटलं, तसंच. हे समजायला मला वर्गात पंधरा दिवस लागले होते. पुढं मी तीस वर्षं शिकवलं, दर वर्षी वर्गात घोंगडं नेलं, दर वर्षी मुलं हसली आणि दर वर्षी त्यांना कळलं. घोंगड्याची युक्ती कुणाची ते मात्र मी कधी सांगितलं नाही. माझी ही खोड जुनी आहे, पुढं कळेलच.

जुळ्यांवर आबांचा विशेष जीव. कळप चरायला जायचा तेव्हा लहान कोकरं मागं वाघरीत ठेवलेली असायची. संध्याकाळी मेंढ्या परत आल्या की जे ते आपापल्या आईकडं धावायचं आणि अंगणात नुसती झुंबड उडायची. जुळं व्यालेली मेंढी पुष्कळदा एकालाच जवळ घेते, दुसऱ्याला डोकं मारून हाकलते. म्हणून आबा जुळ्या कोकरांच्या कपाळावर अंगठ्यानं गेरूचा टिळा लावायचे, दोघांनाही. टिळ्याचं कोकरू दिसलं की त्याचा जोडीदार हुडकायचा, दोघांना मिळून आईखाली लावायचं आणि ती तयार होईपर्यंत तिला धरून ठेवायचं. हे काम माझ्याकडं होतं. लहानपणच्या कितीतरी संध्याकाळी माझ्या एका काखेत एक टिळा आणि दुसऱ्या काखेत दुसरा असायचा, आणि अंगाला येणारा तो दुधाचा आणि लोकरीचा वास आजही मला कधी स्वयंपाकघरात, कधी भर सभेत अचानक येतो आणि मी बोलायचं विसरते. मेंढरं गेल्यावर आबांनी काठी दुसऱ्याला दिली, घंटा दिल्या, कुत्रंसुद्धा दिलं. गेरूचा चपटा डबा तेवढा ठेवला. तो कोनाड्यात असायचा.

त्या दिवसांत आबा बोलायला लागले. कागद बघता बघता त्यांना एकेक मेंढी आठवायची. एकदा त्यांनी डाव्या कानाची चीर बघून दुसऱ्याच्या कळपातली मेंढी आपली म्हणून हाकत आणली होती, ती गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी तिचा धनी आला आणि त्यानं चारचौघांत तिच्या मागच्या पायावरचा पांढरा डाग दाखवला. "कानाची चीर त्याचीबी तशीच हुती की! मान खाली घालून दिली बाबा परत. तवापासनं ठरीवलं, एका खुणंवर मेंढरू आपलं म्हणायचं न्हाय. दोन बगायच्या." मी हसले आणि सोडून दिलं. शहाणी ना मी! बाराव्या कागदावर मी नेमकं तेच करून बसले होते. त्या कागदावर ढळढळीत टेकाड एकच होतं. मी त्याला मॅग्नेशियमचं म्हटलं, अंतर काढलं, वहीत लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. डावीकडचं टोक अगदी गचाळ होतं आणि उजवीकडं नीट बघायची मला गरज वाटली नव्हती.

गुरुवारी आईनं कुरडया घातल्या. पहाटेपासून घरात गव्हाच्या चिकाचा आंबूस वास. मोठ्या पातेल्यात चीक शिजायचा तेव्हा तो रटरट आवाज करायचा आणि आई त्याला माणसाला बोलावं तसं बोलायची, "उडू नको रं, उडू नको." गरम चीक वाटीत घेऊन त्यावर दूध-साखर घालून खायचा. मी तीन वाट्या खाल्ल्या, जागेची काळजी असूनसुद्धा. आज माझ्या घरात चांगलं पातेलं आहे, गहू आहे, वेळही आहे, पण तो चीक होत नाही. खूप प्रयत्न केले. मग मी आणि आई बाजेवर जुनं लुगडं पसरून सोऱ्यानं कुरडया घालत बसलो. आईचा डोळा माझ्या कागदांवर होता, "एवढं गुळगुळीत हाय, चार त्येच्यावर घातल्या तर काय बिघडतंय?" म्हणून विचारून झालं होतं. मी तिच्यावर एवढी नजर ठेवली की आबांकडं बघायचं राहूनच गेलं.

हात धुऊन पडवीत आले तर आबा कागदांपुढं मांडी घालून बसलेले. शेजारी गेरूचा डबा उघडा, वाटीत पाणी. हातात केरसुणीची काडी, तिच्यावर नखानं खुणा केलेल्या. आणि बाराव्या कागदावर, उजव्या अंगाला, दोन तांबडे टिळे. भरदार, ओले, शेजारी शेजारी, रेघ पार झाकून टाकणारे.

"कमळे, ही जुळी तुजी ऱ्हायली हुती बग," ते म्हणाले. दोन वर्षांत मी त्यांचा असा चेहरा पाहिला नव्हता. "समद्या कागदावर काडीनं मापून बगितली. पयलं थोराड, मागलं किरकोळ. तुजी खूण न्हवती म्हून लावली."

दुसरा माणूस असता तर आधी कागदाकडं बघून मग बोलला असता. माझं डोकं फिरलं. हाच कागद सोमवारी भिंतीवर लावायचा होता. संस्थेत कागदावर रेघ काढणारं यंत्र एकच, त्याच्यावर नंबर लागायचा, दुसरी प्रत मिळायला आठवडा जायचा. मी ओरडले, आणि आमच्या घरातलं ओरडणं म्हणजे तिसऱ्या शेतात ऐकू जाणारं. "मेंढरं हायती का ही? आं? टिळं कसलं लावताय? अडाणी ते अडाणीच! तुमची मेंढरं गेली म्हून आता माझं वाटुळं करताय व्हय?"

आबांनी डब्याचं झाकण लावलं. अंगठा धोतराला पुसला, मग परत पुसला. आई दारातून म्हणाली, "कमळे, जिभंला काय हाड?" मी कागद उचलला आणि आत जाऊन रडत बसले. कागदासाठी रडत होते, हे आता लिहिताना लाज वाटते.

शुक्रवारी दत्ताच्या मागं बसून बारामतीला गेले. आबा तेव्हा वाघरीवर नव्हते, कुठं गेले ते मी विचारलं नाही. माझा बेत असा, की झेरॉक्स काढली की तांबडा रंग उडेल आणि खालची रेघ राहील. स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्यानं दोन तुकड्यांत कागद काढून दिला तर टिळे डांबरासारखे काळेकुट्ट. "ताई, मशीनला तांबडं काय न् काळं काय, सारखंच," तो म्हणाला. आता एकच उपाय होता. माझ्या पिशवीत आकड्यांची यादी होती, कुठल्या रंगात किती उजेड त्याची. टिळ्यांखाली जेवढी रेघ झाकली होती तेवढी आकड्यांवरून नव्यानं काढायची आणि वर चिकटवायची. दत्ताची पाळी सुटायला दुपार होणार होती. मी एका रसवंतीत बसले, उसाचा रस मागवला आणि त्याला हात न लावता पट्टी, पेन्सिल, आलेखाचा कागद काढला. चरकाला बांधलेले घुंगरू छुनछुन वाजत होते आणि मी एकेक आकडा मांडत होते.

पहिल्या टिळ्याखाली खड्डा निघाला. खोल. मी म्हटलं, असेल, अशी वेडीवाकडी वळणं पुष्कळ असतात. दुसऱ्या टिळ्याखाली खड्डा निघाला. उथळ. मी दोन्हींच्या जागा मोजल्या आणि एकीला दुसरीनं भागलं. मॅग्नेशियमच्या जोडीचं जे उत्तर मला पाठ होतं तेच, दशांश चिन्हापुढच्या तिसऱ्या घरापर्यंत. परत भागलं. तेच. आधी रागच आला, खरं सांगते, की हे खरं निघावं आणि तेही केरसुणीच्या काडीनं. आणि मग मी पेन्सिल खाली ठेवली. कारण ती जोडी माझ्या टेकाडाच्या उजवीकडं होती. टेकाड मॅग्नेशियमचं, खड्डेही मॅग्नेशियमचे, आणि खड्डे जास्त सरकलेले. म्हणजे उजेड गिळणारा वायू दिव्यापेक्षा लांब! दिव्याच्या पलीकडं उभा असलेला माणूस आपल्याकडं येणारा उजेड अडवील कसा? अडवायचा तर त्याला मध्येच उभं राहिलं पाहिजे. तेव्हा दिवाच मी समजले त्यापेक्षा फार फार लांब होता, आणि माझं टेकाड मॅग्नेशियमचं नव्हतंच. ते कार्बनचं असलं तर? मग डावीकडच्या त्या गचाळ टोकात कार्बनचंच दुसरं एक टेकाड हवं. मी यादीतले तिकडचे आकडे काढले. ते तिथं होतं. ठेंगणं, आडोशाला बसल्यासारखं, पण नेमक्या जागेवर. दोन खुणा.

"ताई, रसात माशी पडली बगा," रसवंतीवाला म्हणाला, "दुसरा दिऊ का?" मी त्याच्याकडं बघून रडायला लागले. त्या बिचाऱ्यानं दुसरा ग्लास आणून ठेवला आणि लांब जाऊन उभा राहिला.

घरी आले ती मोटारसायकल थांबायच्या आधीच उतरले. कोनाडा रिकामा होता. आई म्हणाली, "डबा कालव्यात टाकून आला. म्हनला, कुणाच्या कामात यायला नगो." आबा मागं बांधावर उभे होते, उसाकडं तोंड करून. मी जवळ गेले. येताना माफी मागायचं पाठ केलं होतं, पण आमच्या घरात माफीचा शब्दच नव्हता, तो मी पुण्यात शिकले होते आणि तो तिथंच राहिला. मी म्हटलं, "आबा, जुळी खरी निघाली."

ते वळले नाहीत. "व्हय का?"

"व्हय. माजं उत्तर चुकलं हुतं. त्या जुळ्यांनी दावलं."

"मला दिसलीच हुती," ते म्हणाले. मग वळले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून हसले. "सायबाला सांगशील न्हवं, कुणी काढली ती?"

"सांगीन की!" मी म्हटलं. मनापासून म्हटलं. रविवारी एसटीत बसले तेव्हाही सांगणारच होते.

सोमवारी संस्थेच्या त्या थंडगार खोलीत मी बारा कागद लावले. बाराव्यावर माझं ठिगळ चिकटवलं नाही, मूळ कागद तसाच लावला, टिळ्यांसकट, आणि नव्यानं काढलेली रेघ शेजारी टाचली. समोर पंधरा-वीस माणसं, सगळी इंग्रजीत विचार करणारी. अकरा कागद पार पडले. बाराव्यावर आले, जोडी दाखवली, टेकाड मॅग्नेशियमचं का नाही ते सांगितलं, तेव्हा खोलीत जरा हालचाल झाली. सर, म्हणजे ज्यांच्या हातात माझी जागा होती ते, उठून कागदाजवळ आले. चांगला माणूस, मला कधी टाकून बोलले नाहीत. चष्मा वर करून त्यांनी बघितलं. "सुरेख. ही सहज निसटली असती. कशी सापडली तुम्हाला?"

मी तोंड उघडलं. आबांचं नाव जिभेवर होतं. मागं कुणीतरी खुसखुसलं, कशाला ते देव जाणे, कदाचित माझ्यावर नसेलही. आणि मला एकदम दिसलं, की मी गेरू, अंगठा, केरसुणीची काडी असं सगळं इथं सांगतेय आणि ही माणसं हसतायत. मी म्हटलं, "पुन्हा मोजताना, सर."

"आणि हे डाग?"

"चहा सांडला, सर."

जागा मिळाली. माझं सगळं आयुष्य त्या जागेवर उभं राहिलं, नोकरी, नाव, घर. मी नाकारत नाही. जागा मला पाहिजे होती आणि ती मिळाल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन नाचले, हेही लिहून ठेवते. पण जे वाटेत कुणीतरी गिळलेलं असतं तेच ओळखायचा माझा धंदा, आणि माझ्याच तोंडून निघायच्या आधी काय गिळलं गेलं ते मला एकटीला माहीत.

दुसऱ्या वर्षी त्या बारा क्वेसारांवरचा निबंध परदेशी नियतकालिकात छापून आला. मी तो घेऊन कळसला गेले. आबांना वाचता येत नव्हतं, पण त्यांनी हात धुतले, पुसले आणि कागद मांडीवर घेतला. पानं उलटून त्यांनी बाराव्या क्वेसारची रेघ आपण होऊन हुडकली. "हीच की," म्हणाले. मग विचारलं, "माजं नाव कुटं हाय?"

आई कुरडया तळत होती, तीही झारा घेऊन दारात आली. निबंधाच्या शेवटी आभार होते. सरांचे होते, यंत्र चालवणाऱ्याचे होते, होस्टेलच्या एका मैत्रिणीचेसुद्धा होते. मी पान मागं उलटलं आणि आबांचं बोट धरून पहिल्या पानावर माझ्या नावावर ठेवलं. इंग्रजीत आद्याक्षरं असतात, के, मग एम, मग आडनाव. "हे बगा. हा एम. एम म्हंजे मारुती. म्हंजे तुमी."

आबांनी वाकून बघितलं. "येवढंच?"

"इंग्रजीत येवढंच लिवत्यात, आबा."

"आखूड हाय," ते म्हणाले. "पर हाय." आणि आईकडं बघून असे हसले की ती डोळ्याला पदर लावून आत गेली. मग त्यांचा हात सवयीनं कोनाड्याकडं गेला आणि अर्ध्यात थांबला. "गेरू असता तर टिळा लावला असता," ते म्हणाले, रागानं नाही, नुसतंच. आणि त्यांनी कोरडाच अंगठा त्या एमवर टेकवला आणि चांगला दाबून धरला, नख पांढरं होईपर्यंत. गावात ते पुढं कितीतरी वर्षं सांगत राहिले, की पुण्याच्या सायबानं माझी जुळी मानली. लोक मला विचारायचे, खरं का गं? मी म्हणायची, खरं.

आबा जाऊन बरीच वर्षं झाली. बारावा कागद माझ्याकडं आहे, दोन्ही टिळे अजून जसेच्या तसे, त्यातल्या अंगठ्याच्या रेषासुद्धा दिसतात. निबंधाचं पानही आहे. त्यावर काहीच नव्हतं, कोरड्या अंगठ्याची खूण राहत नाही, पण तो कुठं टेकला होता ते मी डोळे मिटून दाखवीन. मला त्यांची आठवण येते. घरभर आवाज करणाऱ्या माणसांची यावी तशी नाही, गप्प बसलेल्या माणसाची येते तशी. गेल्या आठवड्यात इंदापूरच्या बाजारातून गेरू आणला. वाटीत पाणी घेतलं, अंगठा भिजवला आणि छापील पानावरच्या त्या एमवर टिळा लावला. माझा अंगठा त्यांच्यापेक्षा लहान आहे. टिळा दिसला की दुसरा हुडकायचा, म्हणून दुसरा या वहीत, इथं, त्यांच्या नावाशेजारी लावते आहे. बाराव्या कागदावरची जोडी कळसच्या मारुती आबांनी काढली, केरसुणीच्या काडीनं मापून.

सर आता थकलेत, त्यांना दिसत नाही, पण त्यांची नात वाचून दाखवते. तिला हे प्रकरण देणार आहे. सर, तो चहा नव्हता.